लाल थाळी कुणाच्या हातून कशी उडायची

बापू फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि खांद्याला लावायची एक जाडजूड पिशवी होती. ट्रंकेत काय असणार हे आम्हाला ठाऊक होतं: गणवेश, कागदपत्रं, साबणाच्या वड्या आणि आईसाठी एखादी शाल. पिशवीत मात्र ताटल्या निघाल्या. वीतभराहून थोड्या कमी रुंदीच्या, प्लॅस्टिकच्या, लाल, निळ्या, पांढऱ्या. आईने लाल ताटली उलटीपालटी करून पाहिली, तिच्यात आमटी ठरणार नाही हे तिच्या लगेच लक्षात आलं, आणि तिने ती परत पिशवीत ठेवली. बापू म्हणाले, "वैनी, ही जेवायची न्हाई, फेकायची हाय. हिला ड्रायव्हर म्हंत्यात." आई म्हणाली, "व्हय का? मंग गाडी कुठाय?" त्या दिवशी घरात जे हसू पिकलं ते पुढं कितीतरी दिवस पुरलं. बापू माझे धाकटे चुलते. काकू लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं, आणि अठराव्या वर्षी भरती झालेला हा माणूस सुट्टीपुरताच काय तो आमच्या वाट्याला यायचा. आता तो रोज सकाळी दिसणार होता, आणि मला फार आनंद झाला होता.

आमचं घर आटपाडीपासून आत, माळाच्या काठावर. पुढं डाळिंबाची थोडी बाग, मागं मेंढरांचा वाडा, आणि त्यापलीकडं नुसता माळ. पहाट व्हायची ती कोकरांच्या ओरडण्यानं. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं मोजत मोजत वाड्यातून बाहेर सोडायचे. ते मोजायचे तोंडातल्या तोंडात, आणि मध्येच कुणी काही विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून. आईचा स्टोव्ह असायचा, पण भाकरी चुलीवरच. बाजरीची भाकरी, मिरचीचा खरडा, कधी हुलग्याचं माडगं, आणि शेळीच्या दुधाचा चहा. तो चहा बापूंना पहिले आठ दिवस उतरेना. नाक न मुरडता पिण्याचा त्यांचा प्रयत्न सगळ्यांना दिसायचा. मग एके दिवशी त्यांनी दुसरा कप मागितला, आणि आईने आबांकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू लढाई जिंकली. हल्ली मी तासगावात राहते. इथं पिशवीतलं दूध येतं, चहाही बरा होतो. पण चांगला लागला की मला अजून शेळ्याच आठवतात.

हा खेळ बापूंना डोंगरातल्या एका छावणीत त्यांच्या साहेबाने शिकवला होता. खांबावर एक लोखंडी टोपलं, त्याच्या वर साखळ्या लोंबत्या, आणि लांबून ताटली फेकत फेकत कमीत कमी फेकींत ती टोपल्यात घालायची. बस, एवढंच. बापूंनी मोटारीच्या जुन्या चाकाची धाव, बैलाच्या दावणीच्या साखळ्या आणि पाण्याच्या पाइपाचा तुकडा आटपाडीला नेऊन वेल्डिंग करून आणलं आणि माळावर तीन ठिकाणी तीन टोपली रोवली. गावातली माणसं येऊन बघून गेली. कुणाला वाटलं हवामान खात्याचं काहीतरी आहे, कुणाला वाटलं मोबाईलचा टॉवर येणार. ताटली साखळ्यांवर बसली की खळ्ळकन आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी त्या आवाजाने सगळी मेंढरं एका झेपेत ओढ्यापलीकडं गेली आणि आबांचं मोजणं त्या दिवशी चार वेळा चुकलं. पण महिन्याभरात मेंढरं सरावली. आवाज झाला की नुसती मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एकच ताटली प्रत्येकाच्या हातून वेगळी उडते. मला हे आधी खोटं वाटायचं. लाल ताटली ही बापूंची लांब फेकीची, तिची कड पातळ आणि धारदार. बापू उजव्या हाताने, छातीजवळून झटका देऊन फेकायचे. तशी ती सुटली की आधी खाली खाली, सरळ जायची, मग किंचित उजवीकडं कलायची, कितीतरी वेळ तशीच तरंगायची, आणि दमल्यावर डावीकडं वळून माळावर अलगद बसायची. बाभळीपासून थेट बांधापर्यंत. मी श्वास धरून बघायचे. तीच ताटली मी फेकली की सुटल्या सुटल्या डावीकडं कलंडायची आणि तीस-चाळीस पावलांवर धपकन पडायची. आईने एकदा फेकली, तर ती पडली तिथं आईला वाकूनच उचलता आली. आबांच्या हातात गोफणीचा जोर होता. लांडग्याला पळवणारा तो हात. त्यांनी ताटली डोक्यावरून अशी भिरकावली की ती आभाळात चढली, तिथं जरा थांबली, आणि डावीकडं तिरपी येऊन डाळिंबात घुसली. आबांनी हात झटकले आणि पुन्हा तिला शिवायचं नाही असं ठरवून टाकलं. बापू म्हणायचे, "तिला येग लागतो. जोर न्हवं, येग. येग कमी पडला की ती डावीकडं पळती. ती खोटं बोलत न्हाई, सारे. तुझा हात कसाय ते ती सांगती." सारे म्हणजे मी, सारिका. सहा महिने रोज संध्याकाळी ते मला शिकवत होते आणि सहा महिने ती ताटली माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगत होती.

घरात बापूंचं तसं काही काम नव्हतं. मेंढरांचं त्यांना कळायचं नाही. बागेला पाणी सोडायला गेले तर दुसऱ्याच्या रानात चिखल करून यायचे. आबा त्यांना काही बोलायचे नाहीत, आणि नेमकं तेच बापूंना लागायचं. माणूस आयुष्यभर हुकूम देऊन घेऊन जगलेला, त्याला "राहू दे, तू बस" हे ऐकणं जड जातं. माळावर मात्र ते राजे होते. तिथं त्यांच्यासारखं कुणालाच येत नव्हतं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, पण एवढं मला समजत होतं की बापू घरात राहतात ते त्या माळाच्या जिवावर. आणि त्यांनी राहावं, एवढंच मला हवं होतं. आमच्या घरात त्यांच्याइतकं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. आबा मेंढरांशी बोलायचे, आई भांड्यांशी. बापू मला विचारायचे, "तुझं काय मत?" आणि उत्तराची वाट बघायचे.

थंडी सुरू झाली आणि लाल ताटली बापूंच्या हातून डावीकडं पडायला लागली. पहिल्या दिवशी ते म्हणाले वारा आहे. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता, तर म्हणाले प्लॅस्टिक थंडीनं कडक झालंय. मी ताटली आणायला पळायचे आणि पावलं मनात मोजायचे. बांध तर राहिलाच, ती अर्ध्या माळावरसुद्धा पोचत नव्हती. फेकून झालं की बापू पाठ वळवून उजवा खांदा हळूच चोळायचे. रात्री जेवताना घास डाव्या हाताने उचलायला गेले आणि आईने पाहिलं म्हणून पुन्हा उजव्यावर आले. सगळं दिसत होतं, कुणी बोलत नव्हतं. आमच्या घरात हीच माया करायची पद्धत होती, आणि आज मला वाटतं, फार वाईट पद्धत होती. मग एका दुपारी बापू रेंजसाठी टेकाडावर चढले, बराच वेळ फोनवर बोलले आणि खाली येऊन सांगितलं की साताऱ्याला एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी मिळतेय, राहायला खोली आहे, सोमवारी निघतो. आई म्हणाली, "आवं भावजी, हितं काय कमी पडलं?" बापू म्हणाले, "कमी काय न्हाई, वैनी. माणसानं काम करावं." आबा भाकरी मोडत होते, ते मोडत राहिले. मी ताट तसंच सोडून उठले आणि मागच्या अंगाला जाऊन मनसोक्त रडले.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, आणखी एक झालं. बापूंची ताटली डावीकडं वळून कळपात शिरली आणि एका कोकराच्या कानाला लागली. कान कडेला फाटला, रक्त आलं. आबांनी हळद दाबली, कोकराला कुशीत घेऊन बसले. बापू दहा वेळा चुकलं म्हणाले आणि ताटली तिथंच टाकून घरात गेले. संध्याकाळी मी पाण्याची बादली घेऊन वाड्याकडं गेले, तर आबा वाड्याच्या तोंडाशी बसलेले, मांडीत लाल ताटली, आणि हातात कानस. लोकर कातरायच्या कात्रीला लावतात ती. ते ताटलीची कड गोल गोल फिरवत घासत होते, एका लयीत, लाल भुकटी धोतरावर सांडत होती. मधेच अंगठा फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे. शेवटी लोकरीचा एक तेलकट पुंजका घेऊन त्यांनी सगळी कड पुसून गुळगुळीत केली. मी म्हणाले, "आबा, आवं काय करताय? बापू खवळतील की!" आबा म्हणाले, "धार लय हाय गं हिला. आज कान फाटला, उद्या डोळा जाईल. काय हुत न्हाई, बोथट केली जरा." मोडक्या विळ्याची, पत्र्याच्या कडेची, कुंपणाच्या तारेची, मेंढराला लागेल अशी प्रत्येक धार आबा असेच मारायचे. त्यांना ती ताटली म्हणजे वाड्यातली आणखी एक टोचणारी वस्तू होती. मी ताटली गुपचूप पिशवीत ठेवली. दोन दिवसांत माणूस चाललाय, कशाला भांडण, असा विचार केला.

शनिवारी सकाळी बापू शेवटचं म्हणून माळावर आले. मी बरोबर होते. त्यांनी लाल ताटली घेतली, जरा घाईतच, जसं एखादं नकोसं काम उरकावं. दोन पावलं टाकली, झटका दिला. ताटली सरळ गेली. मग उजवीकडं कलली, आणि कलूनच राहिली, तरंगत, तरंगत, आणि अगदी शेवटी डावीकडं वळून बांधाच्या चार पावलं अलीकडं बसली. बापू तसेच उभे. हात पुढं, तोंड उघडं. मग त्यांनी एक आरोळी ठोकली की डाळिंबातले होले उडाले. "सारे, बघितलीस? बघितलीस का गं?" मी म्हणाले, "बघितली, बापू." त्यांनी पुन्हा फेकली, पुन्हा तशीच गेली. खांदा मोकळा झाला म्हणाले, रात्री लावलेल्या तेलाचा गुण म्हणाले. कडेवरून बोटं फिरत होती, तरी त्यांना काही जाणवलं नाही. माणसाला जे हवं असतं ते एकदा हाती लागलं की तो फार निरखून बघत नाही, निदान मी तरी कधी पाहिलेलं नाही. मला मात्र लगेच उमगलं: कड बोथट झाली तशी ताटलीला आता कमी वेगही पुरत होता. ताटलीने पहिल्यांदा खोटं बोलायला सुरुवात केली होती, आणि ते खोटं आबांनी तिला शिकवलं होतं, तेही नकळत.

बापू टेकाडावर चढले आणि साताऱ्याला कळवलं की आठ दिवसांनी बघू. ट्रंक पुन्हा उघडली. ते आठ दिवस आमच्या घरात सणासारखे गेले असं म्हणायला हरकत नाही. आईने दोनदा पुरण घातलं. बापू जेवताना फौजेतल्या गोष्टी सांगायचे, आबासुद्धा हसायचे, तोंडाला धोतराचा सोगा लावून. मीही हसायचे, पण संध्याकाळ व्हायला नको वाटायचं. कारण बापूंनी मला दर संध्याकाळी म्हणायला सुरुवात केली होती, "आता तुझी बी बघू, फेक." आणि मी गुपचूप एकदा, सगळी शेतावर असताना, फेकून बघितली होती. लाल ताटली माझ्या हातून सरळ गेली होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा. उजवीकडं कलली, तरंगली, बाभळ मागं पडली, ओढ्याची कड मागं पडली. मी एकटी माळावर नाचले. आणि नाचता नाचता मला कळलं की हे बापूंना कधीच दाखवता येणार नाही. माझा हात काही आठ दिवसांत सुधारला नव्हता. त्यांनी एकदा माझी फेक पाहिली असती, की सगळं उमगलं असतं: हात तेच आहेत, ताटली बदलली आहे.

मग मी काय केलं, तर मुद्दाम वाईट फेकायला लागले. मनगट सैल सोडायचं, वाट चुकवायची, ताटली आडवी न ठेवता तिरकी सोडायची. ती डावीकडं पडायची आणि बापू मान हलवायचे. "असं कसं गं, सारे? एवढं शिकवलं." त्यांच्या आवाजात राग नसायचा, निराशा असायची, आणि ती मला रागापेक्षा जास्त बोचायची. चांगली फेकता येत असताना वाईट फेकणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पुढं आयुष्यात मी माणसं राखण्यासाठी बरंच काही लपवलं. नवऱ्याचं मन राखलं, शाळेत नोकरीला लागले तेव्हा वरिष्ठांचं राखलं. त्याची सुरुवात त्या माळावर झाली असं मला आता वाटतं, आणि ती सवय मोडायला मला फार वर्षं लागली.

पुढच्या रविवारी दुपारी आई जेवणाची दुरडी घेऊन माळावर आली. आबा ओढ्याकडं मेंढरांची लोकर कातरत होते, जेवण त्यांचं आणि आमचं होतं. बापू खुशीत होते. म्हणाले, "वैनी, टाका बघू एक. तुमची ताटली तुमच्या पायातच पडती का अजून?" मी म्हणाले, "आई, राहू दे, भाकरी गार हुतीय." पण आईला मस्करी आवडायची. तिने दुरडी खाली ठेवली, पदर खोचला, हात पुसला आणि बापू दाखवायचे तसा छातीजवळून झटका दिला, तोही हसत हसत, नीट न बघता. ताटली सुटली. वर चढली, उजवीकडं कलली, आणि कलूनच चालली, लांब, लांब, चरणाऱ्या मेंढरांवरून, मधल्या टोपल्याच्याही पुढं. आई टाळ्या पिटायला लागली. "आवं, गेली की! भावजी, माझी गेली की!"

बापू हसले नाहीत. ते चालत गेले, ताटली उचलली, आणि तिथंच उभं राहून कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग दुसऱ्यांदा, सगळ्या बाजूंनी. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा म्हातारा दिसत होता. मला म्हणाले, "तुला ठावं हुतं?" मी मान डोलावली. "म्हणून तू वाकडी टाकत हुतीस?" मला रडू आवरेना. मी म्हणाले, "तुमी साताऱ्याला जाल म्हणून, बापू. मला तुमी हितं हवं हाय." आई टाळ्यांचे हात तसेच धरून आमच्याकडं बघत राहिली. बापूंनी पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि ओढ्याकडं चालायला लागले. मला वाटलं, आता ते आबांना काय काय बोलतील कुणास ठाऊक, आणि उद्या पहिल्या गाडीने निघून जातील. मी मागून पळाले.

आबा एका मेंढीला खाली घालून बसले होते. कात्रीचा कच्च कच्च आवाज येत होता. बापू त्यांच्यापुढं उभे राहिले आणि लाल ताटली दाखवली. "दादा, हिची धार तू मारलीस?" आबांनी वर पाहिलं. "व्हय. कोकराचा कान फाटला तवा. का रं? बिघडली का?" त्यांच्या तोंडावर नुसता साधा प्रश्न होता. बापू मटकन खाली बसले, आबांच्या शेजारी, लोकरीच्या ढिगाला टेकून. पिशवीतून निळी ताटली काढली. ती लालपेक्षाही जास्त धारेची, त्यांच्या ऐन उमेदीतली. ती त्यांनी आबांच्या पुढं धरली.

"न्हाई बिघडली," बापू म्हणाले. "हिची बी मार. माझा खांदा गेलाय, दादा. आता पैल्यासारखा येग येत न्हाई."

आबांनी ताटली हातात घेतली, कड बघितली. "कितीशी मारू?"

"तुझ्या-माझ्या दोघांच्या बी हातून उडंल एवढी."

आबांनी निळी ताटली बाजूला ठेवली. त्यांनी भावाच्या खांद्याकडं एकदा नीट पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "मारतो. पण आदी ही मेंढी धर. मी एकटा किती येळ झगडू?" बापूंनी बाह्या वर सारल्या आणि डाव्या हाताने मेंढीचे दोन पाय धरले. मेंढीने उरलेल्या दोन पायांनी त्यांना सणसणीत लाथ घातली.

"आरं चारी पाय धर, फौजी," आबा म्हणाले. "चारी."